चितेगावच्या गाण्यातलं एक अक्षर

१

मंगळवारी सकाळी संस्कृतीच्या दोन गोष्टी नाहीशा झाल्या. आधी व्हिडिओ, मग कागद.

व्हिडिओ गेल्याचं तिला मोबाईलवर कळलं. कागद गेल्याचं कळायला अर्धा तास लागला, कारण तेवढा वेळ ती खोलीतल्या सगळ्या फायली पलंगावर ओतून शोधत होती. मग ती जिना उतरून खाली आली आणि घरमालकिणीच्या ओट्यावर बसली.

घरमालकीण म्हणजे सुलेखा मगरे. हर्सूलला तलावाच्या अलीकडे त्यांचं दुमजली घर होतं. कोर्टाच्या नक्कल विभागात एकतीस वर्षं नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. मूळ कागद आणि त्याची नक्कल शेजारी ठेवून अक्षरागणिक ताडून बघायचं, त्याला तिथं रुजवात म्हणतात. सुलेखाबाईंनी रुजवात घेतलेल्या नकलेत कधी चूक निघाली नाही, ही गोष्ट त्या स्वतः सांगत नसत. पण जुने वकील सांगत.

"मावशी, माझ्यावर चोरीचा आळ आलाय," संस्कृती म्हणाली.

"नीट सांग. पहिल्यापासून."

संस्कृती गंगापूरची. वडलांचा ऊस, भाऊ बँकेत. ही शहरात नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात 'ॲशमेडो' नावाच्या एका परदेशी गेमचे व्हिडिओ बनवायची. गेममधली दृश्यं घ्यायची, आपल्या मनासारखी जुळवायची, त्याला संगीत लावायचं. जगभर असे हजारो चाहते हे करतात. दृश्यं वापरायला कंपनीची ना नव्हती. संगीताची परवानगी मात्र ज्याची त्यानं घ्यावी, असा नियम होता. बरेचजण घेत नसत. संस्कृती घ्यायची, तेही लेखी. घरी आली की कागदावर हिरव्या शाईनं क्रमांक घालायची आणि फाईलला लावायची. असे सात कागद झाले होते.

सातवा चितेगावच्या चतुराबाई खिल्लारेंचा. त्यांनी स्वतः रचलेलं, स्वतः गायलेलं गाणं. तो व्हिडिओ कंपनीच्या महोत्सवासाठी निवडला गेला होता. जगातून फक्त दहा निवडले होते.

"आणि आज तो काढून टाकलाय. 'अनुनाद' म्हणून आपल्याच शहरातला स्टुडिओ आहे. ते म्हणतात गाणं त्यांचं, माझ्या व्हिडिओच्या दोन दिवस आधी त्यांनी बाहेर काढलंय. शुक्रवारपर्यंत परवानगीचा मूळ कागद दाखवला नाही तर महोत्सवातून नाव जाणार. आणि कागद फायलीत नाही."

"फोटो?"

"काढू दिला नाही त्यांनी. म्हणाल्या, माझ्या सहीचा फोटू नको, कोण कुठं डकवील सांगता येत नाय."

सुलेखाबाईंनी लॅपटॉपवर जपून ठेवलेला व्हिडिओ बघितला. राखाडी शेतातून एक बाई चालत येते, हातातला विळा खाली ठेवते. त्यावर एक जाड, न थरथरणारा आवाज:

*सोडली गं शेताची राखणी,*
*विळा ठेवून खाली आई माझी झाली लेखणी.*
*टोकाला तिच्या आली शाई,*
*लेकी झाल्या पानं गं बाई.*

"आता त्यांचं ऐकव."

अनुनादचं गाणं एका तरुण मुलीनं गायलं होतं. चाल तीच, ढोलक आणि बासरी वरून लावलेली. दुसऱ्याच ओळीला सुलेखाबाईंनी हात वर केला.

"मागं घे. काय म्हणाली ती?"

"आई माझी झाली देखणी," संस्कृती म्हणाली. "गाण्याचं नावच आहे ते. 'आई माझी देखणी'."

सुलेखाबाई उठल्या. "चप्पल घाल. चितेगावला जाऊ."

२

चतुराबाईंचं वय सत्तरीच्या पुढं, पाठ मात्र सरळ. घराला निळ्या रंगाचा दरवाजा, आत भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. जयभीम झाला, पाणी आलं.

"गाणं माझं हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या आईचं. आई चाळिसाव्या वर्षी प्रौढ वर्गाला गेली. लोकं हसली. म्या तवा नवी नवरी. सासरी बातमी आली की आई सही करती. त्या दिवशी कापूस येचता येचता हे गाणं झालं. कुनाकडून घेतलं म्हनणाऱ्याला माझ्यापुढं आना."

"हे अजून कुणाला शिकवलं होतं?"

"आमच्या महिला मंडळात म्हनत्यात समद्या. त्यातली एक बी बाई चुकीचं म्हनत नाय."

तेवढ्यात घरामागच्या कारखान्याचा भोंगा झाला. एवढा जवळून की सुलेखाबाईंच्या हातातलं फुलपात्र थरथरलं. चतुराबाई भोंगा संपेपर्यंत निवांत थांबल्या.

"तीनची पाळी," त्या म्हणाल्या. "ही पोर पहिल्यांदा आली तवा नेमका गाण्यात आला हा. म्या काय थांबले नाय. मग चार-पाच रोजानं बिचारी परत आली."

दारातून एक चाळिशीचा माणूस आत आला. कंपनीचा खाकी शर्ट, डबा हातात. चतुराबाईंचा भाचा, बुद्धभूषण. संस्कृतीला बघून त्याचा चेहरा बंद झाला.

"आता काय राहिलं न्यायचं?" तो म्हणाला.

"भूषण," चतुराबाईंनी दटावलं.

"नाय आत्या, बोलू दे. आमच्या बायांची गानी लई जनांनी नेली. गानी नेली, नावं इथंच राहिली. आता गेमवाले आले. आमची आत्या ह्यांच्या यादीत सात नंबरला."

"तुम्ही परवानगीचा कागद पाहिला होता का?" सुलेखाबाईंनी विचारलं.

"म्या कशाला बघू? म्या त्या दिवशी ड्यूटीवर होतो."

सुलेखाबाई पाणी संपवून उठल्या. परतताना पैठण रोडच्या थांब्यावर उभ्या राहिल्यावर त्यांनी संस्कृतीला विचारलं, "हा तुझ्या खोलीवर कधी आला होता?"

संस्कृतीनं आठवून बघितलं. "मागच्या महिन्यात. चतुराबाईंनी हरभऱ्याचे डहाळे पाठवले होते. मी खाली पाणी आणायला गेले तेवढंच. पण मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

३

दुसऱ्या दिवशी त्या अनुनाद स्टुडिओत गेल्या. काचेचं दार, गार हवा, भिंतीवर सत्काराचे फोटो. मालक अतुलराव पन्नाशीचे, बोलायला गोड. त्यांनी स्वतः खुर्ची पुढं ओढली.

"बाई, मला त्या मुलीबद्दल राग नाही. तिला फसवलं असणार. गाणं माझ्या वडलांचं. ते गावोगाव कवनं म्हणायचे. ही त्यांची वही."

वही खरोखर जुनी होती. पानं पिवळी, कडा खाल्लेल्या. मधल्या एका पानावर वळणदार अक्षरात तेच गाणं. खाली सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वीची तारीख.

"मी उतरवून घेऊ?"

"खुशाल घ्या. मला लपवायचंय काय?"

सुलेखाबाईंनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि सवयीनं प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत नक्कल केली. राखणी. देखणी. शाई. पानं गं बाई.

"चतुराबाईंना तुम्ही ओळखता?"

"नाही हो. नाव परवा ऐकलं."

"आवाज?"

"त्यांचा? तो व्हिडिओ आला तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. त्याआधी आयुष्यात नाही."

"व्हिडिओत ऐकलात तेव्हा फरक जाणवला असेल. त्यांचा शब्द वेगळा आहे."

अतुलरावांनी खांदे उडवले. "लोकगीत म्हटलं की शब्द बदलतात. बाईंनी पाठ करताना बदलला असेल."

बाहेर आल्यावर संस्कृती रडकुंडीला आली. "मावशी, वही तर जुनी आहे."

"वही जुनी आहे," सुलेखाबाई म्हणाल्या. "जुन्या वहीत कोरी पानं पण जुनीच असतात. पण ते राहू दे. हा माणूस त्या ओळीवर अडखळला नाही, ह्याचं मला नवल वाटतंय. शब्द चुकला हे त्याला अजूनही माहीत नाही."

४

संध्याकाळी बुद्धभूषणला सुलेखाबाईंनी घरी बोलावलं. तो आला, पण उंबऱ्यातच उभा राहिला.

"बसा दादा. एकच गोष्ट विचारते. सात नंबर तुम्हाला कुठं दिसला?"

"कुठं म्हंजे?"

"काल तुम्ही म्हणालात, आमची आत्या यादीत सात नंबरला. आत्यांनी सही केली तेव्हा कागदावर नंबर नव्हता. तो संस्कृतीनं इथं येऊन हिरव्या शाईनं घातला. आत्यांनाही तो माहीत नाही. कागद हातात घेतल्याशिवाय तो कुणाला दिसला नसता."

बुद्धभूषण उंबऱ्यातून आत आला. मग त्यानं शर्टाच्या खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून चार घड्या केलेला कागद.

"इकला नाय म्या," तो म्हणाला. "फाडला बी नाय. नुसता नेला. वाटलं, कागदच नाय तर गाणं बी आपलंच राहील. फायलीत बघितलं तर नंबर टाकलेला. गुरांच्या कानाला बिल्ला असतो तसा. डोकं फिरलं माझं."

संस्कृती वर गेली. परत आली ती पूर्ण फाईल घेऊन, आणि बुद्धभूषणपुढं ती उघडून ठेवली. क्रमांक एक, नाशिकचा बासरीवाला. क्रमांक दोन, तिच्याच वर्गातली मुलगी. तीन, चार, पाच, सहा.

"प्रत्येकाला विचारलं, दादा. पहिल्यांदा विचारलं तो एक नंबर. आत्यांना विचारलं ते सातव्यांदा. पुढचं विचारीन ते आठव्यांदा."

त्यानं कागद पुन्हा वाचला. दोनच ओळी होत्या: चतुराबाई खिल्लारे, राहणार चितेगाव, स्वतःचं गाणं ह्या एका व्हिडिओपुरतं देत आहे, नाव घालावं. 'ह्या एका व्हिडिओपुरतं' ह्या शब्दांवर त्याचा अंगठा थांबला.

"हे म्या नीट वाचलंच नव्हतं," तो म्हणाला.

कागद सापडला होता. पण सुलेखाबाईंच्या कपाळावरची आठी गेली नाही. "ह्यानं आपली अर्धी अडचण गेली," त्या म्हणाल्या. "चतुराबाईंनी परवानगी दिली हे सिद्ध होईल. गाणं त्यांचंच होतं हे नाही. अतुलराव म्हणतील, दुसऱ्याची वस्तू दान केली."

५

संस्कृतीच्या व्हिडिओंचा आवाज अभय जुळवून द्यायचा. सिडकोत राहायचा, कॉलेजपासूनचा मित्र. गुरुवारी सकाळी दोघी त्याच्या घरी गेल्या. त्याच्या आई करुणाताई चहा ठेवायला आत गेल्या.

"मला एकच सांग," सुलेखाबाई म्हणाल्या. "हा आवाज एका बैठकीतला आहे?"

अभय दचकला. "तुम्हाला जोड ऐकू आला?"

"नाही. पण चतुराबाई म्हणाल्या की ही पोर दोनदा आली."

अभयच्या चेहऱ्यावर कारागिराचा अभिमान आला. "पहिल्या वेळी भोंगा नडला ना. गायकी पहिल्या वेळचीच एक नंबर होती, मला तीच पाहिजे होती. म्हणून दुसऱ्या वेळच्या गाण्यातून फक्त एक अक्षर उचलून बसवलं. कुणालाच कळलं नाही. खरंच."

"कुठलं अक्षर?"

"'लेखणी'तला ले."

"भोंग्यासकट पहिलं लाव."

त्यानं लावलं. राखणी. विळा ठेवून खाली. आई माझी झाली, आणि तिथं भोंगा. तो विरताना शब्दाची नुसती शेपटी ऐकू आली: ...खणी.

करुणाताई चहाचा ट्रे घेऊन आल्या. "छान गातात बाई कुणी," त्या म्हणाल्या.

"ताई, तुम्ही हे आधी ऐकलंय?"

"नाही बा. हा कानात यंत्र घालून बसतो, आम्हाला कुठं काय ऐकू येतं."

"मग आता ऐकलं ते म्हणून दाखवता?"

करुणाताईंनी लाजत ओळ म्हटली. "विळा ठेवून खाली, आई माझी झाली देखणी."

अभयनं आईकडं बघितलं, मग संस्कृतीकडं. सुलेखाबाईंनी कप खाली ठेवला.

"आता नीट ऐक, अभय. ज्यानं गाणं चोरलं त्यानं व्हिडिओ ऐकून चोरलं नाही. व्हिडिओत 'लेखणी' स्वच्छ आहे. त्यानं महिला मंडळाकडूनही घेतलं नाही, तिथं कुणी चुकत नाही. त्यानं हेच ऐकलं, भोंग्याचं. आणि फक्त हेच. दुसरं रेकॉर्डिंग त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. म्हणून तो तू नाहीस. तुला अक्षर माहीत होतं, तूच ते बसवलंस. संस्कृती नाही, ती दोन्ही वेळा समोर बसून ऐकत होती. मग हे पहिलं रेकॉर्डिंग तू कुणाकडं दिलं होतंस?"

अभय खुर्चीतच वाकला. 

"मला आधी भोंगा काढता येत नव्हता," तो हळू म्हणाला. "संस्कृतीला न विचारता मी ते एका मोठ्या स्टुडिओत पाठवलं होतं. साफ करून द्या म्हणून. दोन दिवसांनी उत्तर आलं, होणार नाही. मग ही परत चितेगावला गेली. मावशी, मला वाटलं त्यांनी पुसून टाकलं असेल."

"कुठल्या स्टुडिओत?"

त्यानं मोबाईल पुढं केला. नाव वाचायची गरज नव्हती.

६

दुपारी अनुनादच्या काचेच्या दारातून पाचजण आत गेले. सर्वांत पुढं चतुराबाई, इस्तरीची पांढरी साडी नेसून. मागं बुद्धभूषण, संस्कृती, अभय. सुलेखाबाई शेवटी.

अतुलराव हसले. "एवढी मंडळी?"

"रुजवातीला दोन बाजू लागतात," सुलेखाबाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावर कालची नक्कल ठेवली. "अतुलराव, तुमच्या वडलांच्या गाण्यातली आई देखणी झाली. बरं. पुढची ओळ वाचा."

"टोकाला तिच्या आली शाई."

"देखणीला टोक कुठून आलं?"

अतुलरावांनी नक्कल स्वतःकडं फिरवून पुन्हा वाचली.

"लेखणीला टोक असतं. टोकाला शाई येते. शाई आली की पानं लागतात. एकातून एक निघतंय. तुमच्या वहीत पहिला दुवाच तुटलाय, आणि बाकीचे तसेच लोंबतायत. मी एकतीस वर्षं नकला तपासल्या. मूळ लिहिणाऱ्याला अर्थ माहीत असतो, त्याची अशी चूक होत नाही. ही चूक कानानं ऐकून उतरवणाऱ्याची आहे."

"लोकगीतात असं होतं," अतुलराव म्हणाले. "वडलांनी कुठंतरी ऐकलं असेल."

"कुठं ऐकलं तेही सांगते." त्यांनी अभयला खूण केली. भोंगा त्या गार खोलीत घुमला. ...खणी.

"हे ह्या फेब्रुवारीतलं रेकॉर्डिंग आहे. तुमच्या स्टुडिओला पाठवल्याची नोंद अभयच्या मोबाईलवर आहे, तुमचं उत्तरही. आठवड्याभरात तुमचं गाणं बाहेर आलं. काल मला म्हणालात, चतुराबाईंचा आवाज व्हिडिओआधी आयुष्यात ऐकला नाही. वडलांनी सव्वीस वर्षांपूर्वी नेमका तोच शब्द चुकीचा ऐकला, जो ह्या फेब्रुवारीत भोंग्याखाली गेला. हे कुणाला पटेल?"

अतुलरावांनी वही जवळ ओढली. उघडली नाही.

"मला वाटलं, कुणी म्हातारी असेल," ते शेवटी म्हणाले. "तिला कशाला कळतंय. चाल फार चांगली होती."

बुद्धभूषण पुढं सरकला. चतुराबाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि स्वतः बोलल्या. आवाज चढवला नाही.

"चाल चांगली हाय हे खरं. पर तुमच्या वडलांचं नाव कामून घातलं? ते गावोगाव कवनं म्हनायचे म्हनता. मग त्यांची सोताची असतील की गानी. ती काढायची. मेलेल्या मानसाच्या वहीत चोरीचं कामून लिवलं?"

अतुलरावांनी वही बाजूला सारली. त्यांनी दावा मागं घेतल्याचं पत्र तिथंच टाईप केलं. गाणं कोणाचं, हे लिहिताना त्यांनी 'चतुराबाई' एवढंच टाकलं. सुलेखाबाईंनी पेन्सिलीनं खूण केली. "आडनाव. गाव. रुजवात मी घेतेय."

७

शुक्रवारी सकाळी मूळ कागद आणि अतुलरावांचं पत्र कंपनीकडं गेलं. शनिवारी व्हिडिओ परत दिसू लागला.

महोत्सवाच्या दिवशी चतुराबाईंच्या अंगणात महिला मंडळानं चादर ताणून पडदा केला. दहा देशांतले दहा व्हिडिओ. चौथा त्यांचा. राखाडी शेतातली बाई विळा खाली ठेवते, आवाज सुरू होतो, आणि पडद्यावर देवनागरीत नाव येतं: गीत आणि गायन, चतुराबाई खिल्लारे, चितेगाव. समोर बसलेल्या बायांनी गाणं ऐकलं नाही, म्हटलं. पडद्यावरचा आवाज त्यांच्या आवाजात बुडून गेला. संस्कृतीचे आईवडील गंगापूरहून आले होते. वडील मागच्या खुर्चीवर बसायला गेले, तर चतुराबाईंनी त्यांना पुढं सतरंजीवर बोलावून घेतलं. "लेकीनं केलंय तुमच्या," त्या म्हणाल्या. "पुढं बसून बघा."

पंधरा दिवसांनी गेम कंपनीचं पत्र आलं. पुढच्या भागात हे गाणं खुद्द गेममध्ये वापरायचं होतं. 'आदरणीय संगीतकार' अशी सुरुवात होती. संस्कृतीनं ते मराठीत वाचून दाखवलं, दोनदा. चतुराबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "जवाब उद्या देते. घाई त्यांना हाय, मला नाय."

दुसऱ्या दिवशी ओसरीवर जवाब लिहायला बसले तेव्हा संस्कृतीनं पेन उचललं. बुद्धभूषणनं ते तिच्या हातातून हळूच घेतलं.

"आत्याचं पत्र म्या लिवतो. तू नंतर त्यांच्या भाषेत कर."

त्यानं ताव पुढं घेतला, समास पाडला. सुलेखाबाई शेजारी बसल्या होत्या, तपासायला. आत्यानं सांगितलं तसं तो लिहीत गेला. नाव मराठीत आधी, मग त्यांच्या भाषेत. शब्द एक बी बदलायचा नाय. बदलायचा असला तर परत विचारायचं. गाणं आईचं हाय हे बी लिवायचं, आईचं नाव सखुबाई.

"आणि शेवटाला?" त्यानं विचारलं.

चतुराबाईंनी जरा विचार केला. मग पदर सारखा करून, पेन मागून घेतलं आणि सहीच्या वर शेवटची ओळ त्यांनी स्वतःच्याच हातानं लिहिली. अक्षरं मोठी होती, सावकाश होती, आणि एकावरही गिरवलेलं नव्हतं.

*तुम्ही विचारलं, म्हणून देते.*